नोकरी गेलेल्या माणसाचं गाणं

आमच्या जपानीच्या बाईंकडे एक सीडी होती. तिच्यावर त्यांनी स्वतः पेनाने लिहिलं होतं : पुरुषांसाठी, वाईट दिवसांत. बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानाच्या वर त्यांचा क्लास चाले. मंदीच्या त्या वर्षी आम्हा सगळ्यांचेच दिवस वाईट होते, म्हणून त्यांनी ती सीडी मला घरी नेऊ दिली.

मला म्हणजे वर्गातल्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला. परीक्षेत मी माझ्या मित्राच्या एक पातळी पुढे होतो. बाई मात्र म्हणायच्या, "व्याकरण तोंडपाठ आहे, अभिनंदन. आता बोलायला कधी सुरुवात करताय?" आणि मग मित्राला वाचायला सांगायच्या.

तो अमरावतीकडचा. हडपसरच्या कंपनीत आम्ही एकाच टीममध्ये, शेजारी शेजारी बसायचो. एकदा ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडून तसंच्या तसं निघायचं, वर गळाही गोड. मी त्याच्यावर जळत होतो, आणि चांगलाच जळत होतो. त्यातून जपानला जायची जागा एकच होती. दोन वर्षांची. आमची टीम बंद होणार होती. जो मागे राहील तो बिनकामाचा बसून राहणार आणि महिन्याभरात घरी जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

निवड करायला तिकडचे साहेब येणार होते. रात्रीच्या जेवणात कुणीतरी जपानी गाणं म्हणा, असं मॅनेजरने सांगितलं. मला गळा नाही. मित्राला शब्दांचे अर्थ नीट लागत नव्हते. तो माझ्याकडेच आला.

"तूच निवड ना बे. मले काय समजते त्यातलं?"

सीडीवर दोनतीन आनंदी गाणी होती. मी निवडलं ते नोकरी गेलेल्या माणसाचं. गाण्यातला तो माणूस घरी काही सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो, बागेत बसतो, संध्याकाळी परत येतो. साहेबांच्या कंपनीने नुकताच त्यांचा एक कारखाना बंद केला होता. त्याबद्दल आमच्याकडे आलेल्या पत्रांचं भाषांतर मीच केलं होतं. पाहुण्याच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवणारं गाणं भर पंगतीत म्हटलं, तर पुण्यात त्या घरी पुन्हा बोलावणं येत नाही. जपानातही तसंच असणार, असा माझा हिशेब.

मी सुवाच्य देवनागरीत शब्द लिहून दिले. अर्थ विचारला तेव्हा म्हणालो, "बागेतलं आहे. हलकंफुलकं."

तो म्हणू लागला आणि साहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला. मी मान खाली घातली. मला मनातून बरं वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कडव्याला आणखी एक आवाज ऐकू आला. साहेब डोळे मिटून त्याच्याबरोबर गात होते.

नंतर ते बराच वेळ बोलले. माझं जपानी चांगलं, त्यामुळे मॅनेजरला मराठीतून ते मलाच सांगावं लागलं : कामावरून कमी झालेल्या सोबत्याला आमच्याकडे हेच गाणं म्हणून निरोप देतात. गेल्या महिन्यात मी ते पुष्कळदा म्हटलं. इथे, इतक्या दूर, कुणाला ते माहीत असेल असं वाटलं नव्हतं.

गाणं कुणी निवडलं, असं त्यांनी विचारलं. मित्राने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब उठून माझ्यासमोर कमरेत वाकले. मीही वाकलो.

परतताना बाइकवर त्याने मागून विचारलं, "अर्थ काऊन नाही सांगितला बे मले?"

"सांगितला असता तर तुझा आवाज कापला असता," मी म्हणालो.

जागा त्याला मिळाली. मला नोकरी गेल्याचं पत्र मिळालं. त्याला निरोप द्यायला त्याची आई अमरावतीहून आली होती. त्याने तिला सगळं सांगितलं, त्याचा आवाज कापू नये म्हणून मी अर्थ लपवला, हेसुद्धा. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू नसता तं याचं काही झालं नसतं, बाबू."

तो शेजारी उभा राहून मान डोलावत होता. मी त्याच्या जागी असतो तर माझ्या त्या उत्तरावर एक क्षणही विश्वास ठेवला नसता. त्याचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.