मी न सांगितलेला सहावा मुद्दा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर शेवटी तुम्ही म्हणाल, सर, मूळ गोष्ट लपवलीत. मी एका विद्यार्थिनीची भर वर्गात टिंगल केली, तीही तिच्या घरातल्या मरणावरून. त्यानंतर जे सुरू झालं ते अमानवीय म्हणायचं की आणखी काही, हे मला आजही ठरवता येत नाही. या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, अजूनही नाही. म्हणूनच चिडचिड जास्त होते... विश्वास असता तर अंगारा लावून मोकळा झालो असतो.

मी बावन्न वर्षांचा आहे. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. तिथे मी एकोणीस वर्षं इतिहास शिकवतोय. सकाळी सातची बॅच, साठेक मुलं, बहुतेक तालुक्यांतून येऊन रूम करून राहणारी. पद्धत ठरलेली — सर सांगणार, मुलं लिहिणार. ‘राजकीय हत्या व त्यांचे परिणाम’ हे माझं हुकमी प्रकरण. ऑस्ट्रियाच्या युवराजापासून आपल्या आजी-माजी पंतप्रधानांपर्यंत. प्रत्येक हत्येखाली पाच परिणाम. पाचच, कारण पाच लक्षात राहतात.

गेल्या वर्षी एका सकाळी चौऱ्याऐंशी सालची हत्या चालू होती. एक, देशाच्या काही भागांत दंगली. दोन, नेतृत्वबदल. तीन, निवडणुकीत प्रचंड बहुमत. चार, पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र दल. पाच, पंजाब प्रश्नावर करार. मी पाचवा मुद्दा संपवला आणि तिसऱ्या बाकावरून सुवर्णा उठली. ही सिल्लोडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वर्गात कधी तोंड उघडायची नाही.

“सर, पहिल्या मुद्द्यात माझे आजोबा येतात का?”

“तुझे आजोबा?”

“बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, मग ते ट्रकवर क्लीनर झाले. ड्रायव्हर सरदारजी होता. कापसाच्या गाठी घेऊन उत्तरेला गेले होते, तेवढ्यात ही हत्या झाली. दोघंही परत आले नाहीत. सरदारजींचं नाव तरी दंगलीत गेलेल्यांच्या यादीत लागलं. आजोबा शीख नव्हते ना... त्यांना कुठल्या मुद्द्यात लिहायचं?”

पावणेनऊ झाले होते. मला प्रकरण संपवायचं होतं. मी म्हणालो, “असं कर, परीक्षेत तुझ्या आजोबांवर प्रश्न आला की मला फोन कर. पूर्ण मार्क मिळवून देतो.”

वर्ग हसला. मीही हसलो. तिने पेनाला टोपण लावलं आणि खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. क्लास सोडणारी मुलं खूप असतात, मी चौकशीही केली नाही.

दोन आठवड्यांनी वह्या बघायला घेतल्या. पहिल्या वहीत त्या पाच मुद्द्यांखाली ‘६.’ लिहिलेलं, आणि पुढे कोरी ओळ. दुसऱ्या वहीत तेच. दहाव्या वहीपर्यंत मी चिडलो होतो. वर्गात जाऊन पहिल्या बाकावरच्या विकासला विचारलं, “हा सहा कशाचा?”

“तुम्हीच सांगितला की सर. ‘सहा’ म्हणलात आन् थांबलात. आम्ही पण थांबलो. मग तुम्ही पुढच्या हत्येवर गेलात.”

“मी सहा म्हणालो?”

“मग साठ जणांनी काय ठरवून लिहिलं का सर?”

मागून कुणीतरी म्हणालं, “सरांची चार्जिंग संपली असंल.”

मस्करी समजून मी सोडून दिलं. पण मग सकाळच्या बॅचला अठ्ठेचाळीसची हत्या शिकवली, तिथे ‘६.’ आला. एक्याण्णवची शिकवली, तिथेही आला. दुपारची बॅच नवीन होती, सुवर्णाला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांना मी मुद्दाम बोटं मोजून सांगितलं, “पाच. संपले. लिहा — संपले.” वह्या बघितल्या. ‘संपले’ लिहिलेलं होतं. त्याखाली ‘६.’ होता.

आमचे गणिताचे पठाडे सर म्हणाले, “एकानं लिहिलं की बाकीचे बघून लिहितात. त्यात काय एवढं?” मलाही पटलं. म्हणून ऑनलाइन बॅचला तेच प्रकरण घेतलं आणि नोट्सचे फोटो मागवले. लातूर, बीड, नंदुरबार... आपापल्या घरी बसलेली, एकमेकांचं तोंड न पाहिलेली पोरं. प्रत्येक फोटोत पाचाखाली सहा. पठाडे सरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, “रेकॉर्डिंग करा.”

टेबलावर मोबाईल ठेवून अख्खा तास रेकॉर्ड केला. ऑफिसात चहा घेत आम्ही दोघांनी ऐकला. माझा आवाज पाचवा मुद्दा संपवतो. ‘सहा’ मी कुठेही म्हटलेलं नाही. मी गप्प होतो — आणि त्या शांततेत पेनांचा आवाज येतो. पन्नास-साठ पेनं एकदम, न थांबता लिहितायत. मध्ये कुणीतरी पान उलटतं. मग माझा आवाज, “पुढची हत्या.”

पठाडे सरांनी कप खाली ठेवला. “एवढं काय लिहितायत हो हे?”

त्याच तासाच्या वह्या आमच्या समोर होत्या. एक आकडा आणि कोरी ओळ. बस्स.

ते रेकॉर्डिंग मी माहितीतल्या एका साउंडवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, पेनाचाच आवाज आहे, एडिट केलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोप घ्या. झोप मला व्यवस्थित लागत होती. शेवटी मी ते प्रकरणच बंद करून सिंधू संस्कृती घेतली. तिथे काहीही झालं नाही. मुलं मात्र मागे लागली — सर, हत्या राहिल्यात, दरवर्षी प्रश्न येतो.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “इतकं शोधताय, पण ती पोरगी का येत नाही ते विचारलंत का?”

मला त्याचा राग आला. त्यानंतरही मी दोन महिने गेलो नाही, हेही कबूल करतो. विद्यार्थिनीच्या दारात जाऊन काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं.

एका बुधवारी वर्गातल्या मुलींकडून पत्ता घेऊन एसटीनं गेलो. चौका, फुलंब्री, सिल्लोड. स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात सुवर्णा बसलेली होती. दुसऱ्यांचे परीक्षेचे फॉर्म भरत होती.

“तुझा भरलास?”

“नाही सर.”

“शेवटची तारीख?”

“शुक्रवार.” एवढं बोलून ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिचं वयोमर्यादेतलं हे शेवटचंच वर्ष आहे, हे तिने नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने सांगितलं.

मी हटलो नाही, तेव्हा ती मला घरी घेऊन गेली. आजी ओट्यावर मक्याची कणसं सोलत होती. मी आजोबांचा विषय काढला. कुठल्याच यादीत नाव नाही म्हणून वाईट वाटलं, असं काहीतरी बोललो.

“नाय कसं? मतदानाच्या यादीत हाय की,” आजी म्हणाली. “दर खेपेला इचारतात, म्हातारा कुठं हाय. म्या म्हनते, तुम्हीच हुडका.” मग हातातलं कणीस तसंच धरून म्हणाली, “मागच्या ट्रकवाल्यानं येऊन सांगितलं. ट्रक अडवून लोकं ह्याला म्हनली, तू उतर, तुझ्याशी आमचं काय नाय. ह्यो उतरला नाय. चाळीस वर्सं झाली, मला लई राग येतो त्याचा. उतरायला काय झालं व्हतं, मास्तर?”

एकोणीस वर्षं मी कारणं आणि परिणाम शिकवतोय. मी ढिगातलं एक कणीस उचललं आणि सोलायला लागलो.

निघताना सुवर्णापुढे हात जोडायला गेलो. ती म्हणाली, “इथं नका सर. आजी नव्हती हसली. साठ जण हसले होते.”

पुढच्या सोमवारी वर्गात काय झालं ते शेवटी सांगतो, बाकीचं आधी. फॉर्म तिने शुक्रवारी भरला. चौऱ्याऐंशीखाली आता रिकामा आकडा येत नाही. पण अठ्ठेचाळीसखाली येतो, एक्याण्णवखाली येतो. ऑस्ट्रियाच्या युवराजाखालीही येतो, आणि तिथली शांतता सगळ्यात लांब आहे. पेनांचा आवाज तसाच. ते आकडे कुणाकुणाचे आणि कुणाच्या दारात जाऊन विचारायचं, मला माहीत नाही. पठाडे सर आता ऐकायला येत नाहीत. कुणाकडे खुलासा असेल तर कळवा. ‘मनाचे खेळ’ एवढं सोडून काहीही चालेल. ते मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय.

तर तो सोमवार. सातची बॅच, तीच मुलं. सुवर्णा शेवटच्या बाकावर येऊन बसली, वही न उघडता. मी चौऱ्याऐंशीची हत्या पुन्हा घेतली. पाच मुद्दे झाले. मुलं थांबली.

“सहा,” मी म्हणालो. “रंगनाथ तुकाराम शिंगाडे. ट्रकवर क्लीनर, राहणार सिल्लोड. जमावाने ‘तू उतर’ म्हटल्यावर ते उतरले नाहीत. ड्रायव्हरबरोबर गेले, परत आले नाहीत.”

पेनं चालली. विकासने मान वर केली. “सर, हे परीक्षेला येणार का?”

“नाही. तरी लिहा.”

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत मी थांबलो. मग फळ्यापासून चालत शेवटच्या बाकापर्यंत गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“सुवर्णा, त्या दिवशी तू बरोबर प्रश्न विचारला होतास. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी वर्गाला तुझ्यावर हसवलं. माझं चुकलं. मला माफ कर.”