जयवंताची गुंतवळ

जयवंताला केसांची किळस नव्हती. असती तर पोट कसं भरलं असतं? रोज सकाळी चांदूर रेल्वे गावाहून गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावती गाठायची, आणि डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्याला पोतं अशा थाटात "केसावर भांडेऽऽ" ओरडत गल्ल्या धुंडाळायच्या. कंगव्यात अडकलेली गुंतवळ बायका साठवून ठेवायच्या आणि तिच्या बदल्यात वाटी नाहीतर चाळणी घ्यायच्या. पुढे त्या केसांची गंगावनं होतात, टोप होतात, एवढं तिला ऐकून माहीत होतं.

किळस यायची ती बायकांना, आणि तीही स्वतःच्याच केसांची. डोक्यावर आहेत तोवर काय ते लाड! माका आण, जास्वंद वाट, आवळा उकळ, शिकेकाई भिजव. तोच केस गळून खाली पडला की दोन बोटांच्या चिमटीत धरायचा आणि तोंड असं करायचं की जणू उंदीर मेलाय. कुणी पिशवी लांबूनच तिच्या पायाशी टाकायची. आत गुंतवळीबरोबर चघळलेलं च्युइंगम निघायचं, कधी मेलेलं झुरळ. आणि मग याच बायका मोठ्या वाटीसाठी तासभर हुज्जत घालायच्या. जयवंता त्यांच्याकडे बघत मनातल्या मनात थुंकायची.

एक घर तेवढं वेगळं होतं. साईनगरातल्या मंजुषाच्या घरी तिला ओट्यावर खुर्ची मिळायची आणि घरच्याच कपात चहा. "बसा जयवंताबाई, पाय दुखत असतीन," असं म्हणणारं सगळ्या अमरावतीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणून ते घर ती मुद्दाम शेवटी ठेवायची. दिवसभराचा सगळा घाणेरडा वास त्या एका कपानं धुऊन निघायचा.

डेंग्यूच्या तापानंतर मंजुषाचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. एक दिवस तिनं मोठ्या आशेनं एक बाटली बाहेर आणून दाखवली. शहरातल्या ओमप्रकाश नावाच्या दुकानदाराचं, रानमाका घालून कढवलेलं म्हणे अस्सल आयुर्वेदिक तेल. बाटलीवर दोन फोटो होते. 'आधी' म्हणून हातभर गळलेल्या केसांचा पुंजका, आणि 'नंतर' म्हणून गुडघ्यापर्यंत आलेली, मनगटाएवढी जाड वेणी.

जयवंतानं बाटली जवळ घेऊन पाहिली. पुंजका तिच्याच पोत्यातला होता, आणि वेणीही तिचीच.

मागच्या उन्हाळ्यात ओमप्रकाशनं तिला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं होतं. पोत्यातले मूठभर केस हवेत म्हणाला. ती घाम पुसायला डोक्यावरचं फडकं सोडते तर आत वळून बसवलेली वेणी खाली घसरली, आणि त्याचे डोळेच विस्फारले. पाठमोरा फोटो काढून त्यानं तिला एक कुकर दिला. केसावर भांडं या खेपेला आपल्यालाच मिळालं, म्हणून तिला तिथंच हसू आलं. पण त्या खोलीतलं पिंप तिला विसरता येत नव्हतं. पाला कुजून त्यावर बुरशीची साय धरलेली, माशा घोंगावतायत, आणि दुकानातला पोरगा ते हिरवं पाणचट तेल जुन्या बनियनमधून गाळतोय. त्या दिवशी तिला भर रस्त्यात उलटी झाली होती.

बाटली पाहिली त्याच दिवशी तिला मंजुषाला हे सगळं सांगायचं होतं. पण सांगितलं आणि तिला राग आला तर? खुर्ची जाईल, कप जाईल. जयवंतानं निमूटपणे चहा संपवला. पुढच्या खेपेलाही संपवला, त्याच्या पुढच्याही. गुंतवळ मात्र दर खेपेला वाढत गेली. शेवटी एकदा घरी पोतं निवडताना मंजुषाच्या पिशवीतल्या केसांना चिकटलेल्या खपल्या तिच्या बोटांना लागल्या. ओल्या होत्या, पू धरलेल्या. झुरळं निवडणारी जयवंता त्या रात्री जेवली नाही. किळस आली ती स्वतःचीच.

पुढच्या खेपेला तिनं चहा घेतलाच नाही.

"ताई, हे तेल लावू नका," ती म्हणाली. "हे वेनी माही हाय."

मंजुषाला हसू आलं. मग जयवंतानं फडकं सोडलं आणि पाठ फिरवली. मंजुषानं बाटली वेणीशेजारी धरून पाहिली. वेणी ओढूनही पाहिली.

"तुमी काय लावता मंग?"

"काय लावाचं? खोबऱ्याचं तेल, घरात असलं तं. माह्या मायचेबी असेच होते."

मग तिनं पिंपाचं सांगितलं, बनियनचं सांगितलं. मंजुषाचा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि मधेच थांबला. याच तेलाचं तिनं दोन्ही नणंदांजवळ तोंड भरून कौतुक केलं होतं, त्यांनाही घ्यायला लावलं होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"इतके दिवस माह्या घरी चहा पेत होत्या ना? तवा काहून नाही सांगतलं?"

जयवंतानं फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. तिनं पाटी उचलली.

त्यानंतर ती गेली तेव्हा फाटकाला आतून कडी होती. घरात टीव्ही चालू होता, खिडकीचा पडदा हलला, पण बाहेर कुणी आलं नाही. फाटकाच्या सळीला एक पिशवी लटकवलेली होती. जयवंतानं ती उघडली. गुंतवळ थोडीशीच होती, स्वच्छ धुतलेली. एकही खपली नव्हती, आणि वास नुसत्या खोबरेल तेलाचा होता.

म्हणजे सांगितलेलं सगळं पटलं होतं. लागलीच अमलातही आणलं होतं. सांगणारी तेवढी फाटकाबाहेर ठेवली होती, आणि तिला द्यायची चीज चिमटीनं धरून लांबूनच लटकवली होती, गल्लीतल्या बाकीच्या बायकांसारखी.

आजवर जयवंतानं नालीतले केस उचलले होते, झुरळांसकट उचलले होते, कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. पण हा एवढासा पुंजका काही केल्या तिच्यानं पोत्यात टाकवेना. तिनं पिशवीला गाठ मारली, होती तशी फाटकाला परत लटकवली, आणि पदराला हात पुसत परतीच्या वाटेला लागली.