नळदुर्गच्या रस्त्यावर फोडलेला बर्फ

आधी नाव लिहितो, मग पुढचं. हैदरभाई. नाव एकदा कागदावर पडलं की मागं फिरायला जागा राहत नाही, म्हणून.

लोहाऱ्याचे हैदरभाई सरकारी नोकरीत होते. गावोगाव जाऊन पोरांना देवी टोचायचं काम. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. डॉक्टर ते नव्हते, आणि कुणी तसं म्हटलं की न चुकता सांगत, "डॉक्टर न्हाई बाबा, टोचणारा हाय." मी मूळचा चिपळूणकडचा. सहावीतून शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो, आणि मालकानं मला हिवतापानं फणफणलेला नळदुर्गच्या नाक्यावर उतरवून दिलं. ट्रक गेला. मला उचललं ते ह्या माणसानं. सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी नेलं — खरंच बांधून, नाहीतर मी पडलो असतो. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, महिनाभर भाताची पेज भरवली. ज्वारीच्या मुलखात त्या बाईनं माझ्यासाठी तांदूळ कुठून आणला, हे मी कधी विचारलं नाही. पुढं खात्याच्या जीपवर ड्रायव्हर हवा होता. त्याला सातवी पास लागत होती. हैदरभाई धाराशिवला जाऊन साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, पोराची जबाबदारी माझी.

झालं? इतका चांगला माणूस. आता तुम्ही मनात म्हणाल, ह्यानं त्याचं काय वाकडं केलं असेल — मेहेरबानी करून माझी कीव करू नका. करायची असेल तर कागद इथंच खाली ठेवा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तुळजापूरच्या देवीसमोरसुद्धा नाही. तिथं तर मी नारळ फोडून नोकरी टिकू दे म्हणून आलो होतो.

काम कसं होतं ते आधी सांगायला हवं. देवीची लस पातळ असायची, काचेच्या बारीक नळ्यांत भरलेली. ऊन लागलं की ती मरते. दिसायला तशीच दिसते — हेच तर वाईट. मेलेली आणि जिवंत सारखीच. म्हणून उन्हाळ्यात ती दिवसा आणायचीच नाही. संध्याकाळी सोलापुरात बर्फाच्या कारखान्यातून लादी घ्यायची, पत्र्याच्या पेटीत नळ्यांच्या चहूबाजूंनी तुकडे रचायचे, वर भुसा, वर ओलं गोणपाट, आणि रात्रभर जीप हाकत उजाडायच्या आत लोहारा गाठायचं. नळदुर्गला थांबून पेटीतलं वितळलेलं पाणी काढायचं, बर्फ पुन्हा दाबून बसवायचा. ह्यापलीकडं मला अक्कल लागत नव्हती. एवढंच सांभाळायचं होतं. एवढंच.

मराठवाडा मुंबई राज्याला जोडला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सास्तूरच्या पलीकडच्या एका गावात — नाव लिहीत नाही — पोरं टोचून घ्यायला लोक तयार नव्हते. शेजारच्या तालुक्यात देवीची साथ होती, तरी नाही. हैदरभाई दिसले की आया पोरांना कणगीमागं लपवत. चार खेपा त्यांनी तिथं नुसतं बसून काढल्या. शेवटी पाटील हो म्हणाला, दवंडी पिटली, दिवस ठरला. आदल्या रात्री लस घेऊन मी निघालो.

नळदुर्ग सोडल्यावर रस्त्यात वऱ्हाड अडलेलं. बैलगाडीचा आस मोडला होता. बायका, पोरं, नवरानवरी सगळे रस्त्याच्या कडेला बसलेले, प्यायला पाणी नाही. मी पेटीतलं वितळलेलं पाणी काढून पोरांना दिलं. इथवर ठीक. इथवर पुण्य म्हणा.

पण एका म्हाताऱ्यानं पेटीत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. त्यानं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. "आरं तिच्या, ह्यी काय पाण्याची हाडं म्हनायची का काय?" सगळे हसले. मीही हसलो. मग नवऱ्यामुलानं भीत भीत तुकडा मागितला. मग करवलीनं. मग नवरीच्या बापानं मला 'साहेब' म्हटलं.

साहेब! मला तोवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. लोहाऱ्यात मी कोकण्या होतो. खात्यात सहावी नापास होतो, आणि नापाससुद्धा मी झालो नव्हतो, सुटलो होतो. कुणीतरी विचारलं, तुमी डाक्टर काय? आणि मी — हो म्हणालो. इतक्या सहज! मग जीपमधली लोखंडी टामी काढली आणि बर्फ फोडायला बसलो. गूळ होता त्यांच्याकडं, लिंबं होती. सगळ्या वऱ्हाडाला गार सरबत! बायका तुकडे पदरात धरून एकमेकींच्या मानेवर ठेवत होत्या. हलगीवाल्यानं हलगी काढली. "डाक्टरसायब, आनखी येक खडा." घे की. तुला पण घे.

बेभान वगैरे काही नव्हतो. पेटी रिकामी होताना मला दिसत होती. हे नीट वाचा — मला दिसत होतं.

उरला तो मूठभर चुरा. मी भुसा खालपर्यंत दाबला, गोणपाट ओलं केलं, झाकण लावलं. पुढचा सगळा रस्ता हवा गरम होती आणि मी मनात हिशेब मांडत होतो, की एवढ्यानं काय मरतंय.

उजाडता मी थेट त्या गावात पोचलो आणि तिथं वाट बघत थांबलेल्या हैदरभाईंनी पेटी उघडली. नळ्यांना बोटं लावली. "वामन, कोमट लागायल्यात रे. बर्फ कुठवर होता?"

गावाअलीकडच्या ओढ्यापर्यंत होता, मी म्हणालो. फाटा ओलांडल्यावर वितळला, आत्ताच.

गाव जमलेलं होतं. आज परत गेलो तर पुन्हा जमणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण फक्त तेवढ्यासाठी त्यांनी कोमट लस टोचली नसती. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही, इतकंच म्हणाले, "तू म्हणतूस तर होता."

आणि पोरं टोचली. पोरांचे दंड धरायचं काम माझं असायचं. काशीबाई म्हणून एक बाई होती, तिची गोदू चार वर्षांची, जीपचा हॉर्न वाजवायला मिळाला म्हणून स्वतःहून पुढं आलेली. तिचा दंड मी धरला. हैदरभाईंनी सुईनं गोल खरवडलं, ती रडली, आणि मी तिला म्हणालो, बघ, आता देवी तुला हात लावणार नाही. कुणी बोलायला लावलं होतं मला? गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं ना?

आठवड्यानं टोचलेलं बघायला जायचं असतं. लस लागली तर तिथं फोड उठतो. आम्ही गेलो. एकाही दंडावर फोड नव्हता. हैदरभाई ह्या पोराचा दंड बघत, त्या पोरीचा बघत, परत पहिल्याचा बघत. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस. परत येताना जीपमध्ये त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढं धरला, बोटं पसरली आणि मला विचारलं, "माझा हात गेला का रे?"

ह्या प्रश्नाला येऊन पोचायला मला एवढे कागद लागले. बर्फ ही माझी चूक. पण कबुली तिची नाही. कबुली ह्यापुढची आहे.

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर त्याच रात्री सोलापूर गाठता आलं असतं. नवी लस, नवा बर्फ, दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचणी. साथ अजून गावात शिरली नव्हती. माझी नोकरी गेली असती, फार तर. मी म्हणालो, "हल्ली थोडा कापतो खरा तुमचा हात."

कापत नव्हता. दगडासारखा हात होता तो.

त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी धाराशिवला कळवलं की माझ्या हातानं टोचलेलं लागत नाही, दुसरा माणूस पाठवा. दुसरा माणूस यायला दिवस गेले. त्याच्या आधी देवी आली. आठ-दहा पोरांना आली, काही वाचली, तोंडावर वण घेऊन. गोदू वाचली नाही.

मग गाव उठलं. हैदरभाई आजारी पोरांची विचारपूस करायला गेले तेव्हा त्यांची सायकल विहिरीत टाकली. पारावर बसलेल्या एकानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "निजाम गेला, पर ह्यो मागं ऱ्हायला. आमच्या लेकरास्नी पानी टोचाया." कुणी त्याला गप्प केलं नाही. कोण करणार होतं? मी तिथंच उभा होतो. मला मात्र कुणीतरी बाजेवर बसवलं, चहा दिला, आणि पाटलाचा भाऊ म्हणाला, "तुज्यावर राग न्हाय रं कोकण्या, तू गाडीवाला." मी चहा प्यालो. गूळ जास्त होता. बशीत ओतून, फुंकून, सगळा प्यालो. काशीबाई समोरच्या ओट्यावर बसली होती. ती हैदरभाईंकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

आता वाटेल की पुढं खात्याच्या चौकशीत मला धमकावलं असेल. नाही. धाराशिवहून साहेब आले, शाळेत टेबल मांडलं. आधी हैदरभाईंना बोलावलं. मी दारातच होतो. त्यांनी सांगितलं, पेटी मी उघडली, नळ्या कोमट होत्या, तरी टोचलं ते मी. पोराला त्यात ओढू नका. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. साहेबांनी विचारलं, बर्फ होता का? होता, मी म्हणालो. ते कागद आवरायला लागले होते. आणि मी — न विचारता — म्हणालो, साहेब, ह्यांचा हात कापतो. बरेच दिवस झाले. मी बघतो ना.

का? पेटीतल्या कोमट नळ्यांची गोष्ट निघाली होती म्हणून. ती तिथंच बुडावी म्हणून. हैदरभाईंनी मान वर केली नाही. त्यांना ते खोटं वाटलंच नाही. मीच तर आधी सांगितलं होतं त्यांना.

हैदरभाईंची नोकरी गेली. त्या संध्याकाळी अंगणात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "जेवलास का?" तुम्हाला वाटेल मला रडू आलं. मला राग आला. खरं सांगतो, मला त्या माणसाचा इतका राग आला की ताट ढकलून मी जीपमध्ये जाऊन झोपलो. शिव्या द्या की! संशय घ्या की माझा! ज्याचं आपण वाटोळं केलं तोच वर आपल्याला जेवू घालतो, तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही. त्याच आठवड्यात त्यांचं घर सोडून मी दुसरी खोली घेतली. भाभींना सांगितलं, कामाला जवळ पडते म्हणून. खोली लांब होती.

ते दोघं येडशीला गेले, भाभींच्या भावाकडं. त्याची जळाऊ लाकडांची वखार आहे. स्टेशनाकडं जाताना मी एकदा बघितलं. भावाचा नातू पायात मोडलेला काटा काढून द्या म्हणत होता, आणि हैदरभाईंनी सुई हातात घेतली नाही. दुसऱ्याला हाक मारली. "माझा हात ऱ्हावू दे, बेटा." एवढं ऐकून मी गाडी पुढं काढली. आज ह्याला काही वर्षं झाली. मी अजून ड्रायव्हर आहे, कायम झालो आहे, कोकणात मनीऑर्डर जाते, घरी मला नावाजतात. माझा हात कापत नाही.

आणि आणखी एक. हे सगळं मी मराठीत लिहिलं. हैदरभाई शिकले ते निजामाच्या शाळेत, उर्दूतून. मराठी बोलतात, वाचता येत नाही त्यांना. हे ठाऊक असूनच मी लिहायला बसलो. म्हणजे हीसुद्धा हिंमत नव्हे. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही माझे कोण?

हैदरभाई, माफी मागायला मी येणार नाही. तुम्ही ती देऊन टाकाल, आणि पुन्हा मी तुमचंच खाल्ल्यासारखं होईल. पण येईन. वखारीत, लोकांसमोर, तोंडानं सांगीन की तुमचा हात कधीच कापला नव्हता, मी बर्फ वाटला होता. नंतर त्या गावात जाऊन काशीबाईला सांगीन. तुमचं तुम्हाला परत करीन. आजवर आलो नाही, पण येईन.