पडलेला ठराव

सत्तरीच्या दशकात मी सोलापूरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या सभांना जायचो. तिथे प्रेक्षकांच्या बाकावर एक म्हातारा हमखास असायचा. चपला दाराबाहेर काढून, देवळात बसावं तसा मांडी घालून बसायचा. अध्यक्ष आले की सभासदांच्या आधी हाच उठून उभा राहायचा.

एकदा त्याच्या गल्लीत नळ बसवण्याचा ठराव आला. मांडणारा नगरसेवक विरोधी बाजूचा, एकटाच. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन?" सगळे पंख्याकडे बघत राहिले. तेवढ्यात म्हाताऱ्याने हात वर केला.

"माजं हाय की!"

"तुम्ही सभासद आहात का? खाली बसा."

"सभासद न्हाय, पर तितंच ऱ्हातो की मी."

सभागृह खो खो हसलं. अनुमोदन नाही, म्हणून ठराव पडला, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. नियमाला धरूनच होतं ते.

बाहेर चपला घालताना त्याने मला विचारलं, "सायेब, काय झालं वो?" मी त्याला नियम समजावला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला.

"व्हय. पर पडल्याला उचलायचा कुनी, ते बी लिवलंय का त्यात?"