जादा रोप

कमळाबाईंना कुणी फुकट काही दिलं की राग यायचा. साधासुधा नाही, चांगला भांडणाचा. नवरा गेला त्या वर्षी दिराने पोतंभर तांदूळ पाठवला आणि पुढे घरच्या प्रत्येक लग्नात चारचौघांत त्याची आठवण काढली. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला, कुणाच्या उपकारात राहायचं नाही. मिठागरात राबून त्यांनी मुलाला, प्रणितला, वाढवलं. पुढे त्यांच्या जमिनीवर इमारत उभी राहिली, पण हा ताठा काही गेला नाही.

कामोठ्यातल्या त्या इमारतीमागे निळे ड्रम कापून त्यांनी त्यात चिखल केला आणि आयरिस लावायचं ठरवलं. पाणथळ जागेत वाढणारी, जांभळ्या फुलांची जात. सुनेने, मनस्वीने, मोबाइलवर फोटो दाखवला होता आणि तो बाईंच्या मनात भरला होता. महाबळेश्वरकडे किशोरी नावाच्या बाईंची रोपवाटिका होती, तिथून कुरिअरने रोपं आली. खोका उघडला तर मागवल्यापेक्षा एक जास्त.

"ही जादा कशाला? परत पाठव."

"अहो आई, सगळ्यांनाच देतात. बोनस असतो तो."

"बोनस कामगाराला मिलतो. मी काय तिच्याकडं कामाला हाय?"

पण जिवंत रोप परत पाठवायला हात धजेना. बाईंनी त्याच खोक्यात वालाच्या शेंगा भरल्या आणि धाडून दिल्या. पुढच्या वेळी किशोरीने दोन रोपं जादा घातली. बाईंनी चिंचेचा गोळा आणि सुकट पाठवली. ती खाते की नाही, हे विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. ही रोपांची खरेदी आहे की दोन बायकांची जुंपली आहे, ते मनस्वीला कळेनासं झालं. बाईंना मात्र खात्री होती, आपण कुठेच कमी पडलेलो नाही.

मग एक दिवस काहीच मागवलेलं नसताना मोठा खोका आला. आत जाडजूड गड्डे, जुने, भरपूर मुळांचे. पाठोपाठ किशोरीचा मेसेज मनस्वीने वाचून दाखवला. गुडघे गेले होते, रोपवाटिका बंद होत होती. 'ही माझी मूळ झाडं. यांच्यावरच सगळं उभं केलं. तुमच्याकडे जगतील.'

बाईंनी स्वयंपाकघरातले डबे उघडले, पुन्हा लावले. कपाटातली नवी साडी काढली आणि तशीच ठेवली. त्या खोक्याच्या तोडीचं घरात काहीच नव्हतं. शेवटी त्या सुनेवर खेकसल्या, "फोन लाव तिला."

"किशोरी, ऐक," त्या म्हणाल्या. "याची फेड माझ्याच्यानं नाय व्हायची. मी तुझ्या उपकारात र्‍हाते."

पलीकडून हुंदका आला.

"आता रडतेस काय? फुलं आली की बगायला ये."