वैनीनं आज डॉक्टरांना विचारलं

मंडळी, आज पुतण्या मिलिंदला कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं होतं. सोबत त्याची आई, माझी वैनी.

डॉक्टर म्हणाले, "हृदयात खराब झालेली प्रथिनं तोडून साफ करणारी एन्झाइम्स असतात. ह्याची ती नीट काम करत नाहीत. कचरा साठून हृदय कमजोर झालंय. हा दोष वडिलांकडून आलेला आहे."

माझा भाऊ ऐंशीच्या दशकात आमच्या गावी, निर्ण्यात, असाच धाप लागून गेला. मिलिंद तेव्हा तान्हा होता. गावानं वैनीवर करणीचा आळ घेतला. बायांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

वैनीनं हळूच विचारलं, "म्हंजे मी काय केलं नव्हतं न्हवं, सायेब?"

डॉक्टरांना काही कळेना. मिलिंदनं तिचा हात धरला. तेव्हा ती रडली.

आळ घेणारी माणसं कधीच गेली. आता हे कुणाला जाऊन सांगायचं?