पिठाच्या पिंपावरचा चार

लिही गं पोरी, मी सांगते. माझे धाकटे दीर, म्हणजे तुझे चुलत आजोबा, शिंपी होते. बोलायचे कमी, कारण तोंडात कायम टाचण्या. हसायचेसुद्धा ओठ मिटून. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. आपल्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. मशीन, कात्री, लोखंडी इस्त्री, आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल, तेही डुगडुगणारं.

सहा दिवस लोकांच्या पँटी घट्ट नाहीतर ढिल्या करायच्या, आणि फुटबॉलची मॅच असली की मैदानावर जायचं. तिथे एक लाकडी शिडी होती, वर मोठा बोर्ड. गोल झाला की भावजी त्यावर आकड्याचा पत्रा लावायचे. आकडे इंग्रजी, आपल्या संघाचे लाल, पाहुण्यांचे काळे. बावीस वर्षं केलं हे काम त्यांनी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काढलंही नव्हतं.

पण आपला संघ कसा, तर सगळी पोरं आपल्याच गोलसमोर गोळा, लग्नघरी दारात चपला पडलेल्या असतात ना, तशी. पुढे जायचं कुणी? शेजारचा न्हावी रोज चिडवायचा भावजींना. "काय आराम आहे बुवा तुमचा! एकदा शून्य लावायचं आणि दीड तास सावलीत बसायचं!"

भावजी टाचण्या काढून म्हणायचे, "तुझ्या दुकानात तरी कुठे रांग लागलीये?"

खरं सांगायचं तर भावजींनीही आशा सोडली होती. माझ्या पिठाच्या पिंपाचं झाकण वाकलं, घट्ट बसेना, घुशीसारखा एक उंदीर यायला लागला. मी कुरकुर करत होते. भावजी उठले, आकड्यांच्या गठ्ठ्यातून आपला लाल चारचा पत्रा काढला आणि पिंपावर ठेवला. मापात बसला बघ, जसा काही त्यासाठीच कापलेला. म्हणाले, "घ्या वहिनी. याला तिथे काही काम नाही." पाचाचा पत्रा तर त्यांनी आधीच दुमडून मशीनच्या पायाखाली घातला होता. त्यानंतर आठ वर्षं मी त्या चारावर माप ठेवलं, चाळणी ठेवली. कधी मनात आलं नाही की हा गोलाचा आकडा आहे.

मग क्लब नव्या लोकांच्या हातात गेला. त्यांनी नवे कोच आणले. बुटके, आवाज मात्र भोंग्यासारखा. पोरानं बॉल मागे दिला की हे कडेला उभं राहून ओरडणार, "पुढे! पुढे!" गावानं नावच पाडलं, पुढेसाहेब. पहिल्याच मॅचला आपली तीन पोरं पाहुण्यांच्या गोलपाशी ठाण मांडून, दोघं कडेनं वाऱ्यासारखी धावतायत, आणि मागे राखणीला असतो तो लंबूसुद्धा पुढे पळतोय! दोन-दोन झाले. पुढच्या मॅचला तीन-दोननं जिंकलो. भावजींनी तीनचा पत्रा काढला तर त्यावर कोळ्याचं घर. घरी आले ते चहा न पिता मलाच सगळं सांगत बसले. बाईसाहेब, हा माणूस एका संध्याकाळी एवढं बोलतो हे मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं!

गावाचंच डोकं फिरलं. पँट शिवायला येणारा म्हणायचा, "कंबर जरा ढिली ठेवा, उड्या मारायच्यात." तुझे आजोबा जेवताना ताटातल्या चमच्यानं मला दाखवायचे, कोण कुठून धावला. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अंगावर काटा यायचा.

आणि त्यातच क्लबचे नवे सेक्रेटरी एकदा दुकानात आले. चष्मा, कडक सूट. स्टुलावर बसले, डुगडुगले, परत उभे राहिले. म्हणाले, "शिडी आणि पत्रे आता शोभत नाहीत. विजेचा बोर्ड आणायचाय." भावजींच्या हातातली कात्री थांबली. सेक्रेटरी म्हणाले, "हा हंगाम चालू द्या. पण एकदा जरी आकडा चुकला किंवा अडला, तर त्याच दिवशी तुम्ही खाली." भावजींनी मान हलवली. त्या रात्री अर्धीच भाकरी खाल्ली त्यांनी.

तिसरी मॅच. सकाळी मी शहाण्यासारखं चारचा पत्रा पुसला आणि पिशवीत घालून दारात ठेवला. भावजींनी पिशवी पाहिली, पत्रा काढला आणि परत पिंपावर ठेवून आले.

"अहो भावजी, लागला तर?"

"वहिनी, आधी गोल, मग आकडा. आधी नेला की पोरांच्या पायात गाठी पडतात."

तुझे आजोबा ओरडले, "अरे, आणि सेक्रेटरी? शिडी जाईल तुझी!"

"जाऊ दे. चार तर होऊ देत!" आणि निघाले.

मी घरी राहिले. मैदान जवळच, गल्ली संपली की मोठा रस्ता, पलीकडे भिंत. गोल आपला झाला की असा आवाज यायचा, की फडताळातली भांडी हलायची. पाहुण्यांचा झाला की नुसती शांतता, जणू गावाला कुणी दटावलंय. मी शाळेत गेले नाही, पण चारापर्यंत मोजता येतं मला! पहिला आवाज झाला, मी पीठ चाळत होते. दुसरा झाला. मग दोनदा गाव गप्प. मग तिसरा. माझं चाळण्यात लक्ष लागेना. मग एक आवाज उठला, पण मध्येच मोडला. आता हा गोल, का बॉल खांबाला लागला? पत्रा घेऊन निघावं तर चार झालेलेच नसायचे, आणि माझ्यामुळे पोरांच्या पायात गाठी! मी पत्र्यावर हात ठेवून उभी, पुढे ना मागे.

तेवढ्यात दारात न्हावी. खांद्यावर टॉवेल, दम लागलेला. "वहिनी, झाकण! झाकण द्या! चार झाले!"

"नक्की ना रे? खांबाला नाही ना लागला?"

"खांबाला लागून आत गेला! चला!"

झाकण त्याच्या हातात देईन होय मी? आठ वर्षं ज्यानं चिडवलं त्याच्या? मीच पळाले. पदर खोचला, पत्रा छातीशी धरला. पीठ उडतंय, गल्लीतल्या बायका बघतायत, मागून न्हावी. गेटवरचा माणूस म्हणाला, "तिकीट?" मी पत्रा त्याच्या तोंडासमोर धरला. त्यानं दारच सताड उघडलं.

आत बघते तर भावजी शिडीवर, आपल्या बाजूची जागा रिकामी, आणि खाली सेक्रेटरी. "काय हो, अडला ना? तो काळा चार आहे ना पाहुण्यांचा, तो लावा!"

भावजी वरून म्हणाले, "साहेब, तो त्यांचा आहे. हा गोल आमचा आहे."

मी पत्रा वर दिला. घाईत त्यांनी आकड्यावर जोरात फुंकर मारली आणि सगळं पीठ सेक्रेटरींच्या चष्म्यावर, सुटावर. पत्रा लावला तोही उलटा. उलटा चार पाहिलायस कधी? हुबेहूब खुर्ची. सगळं मैदान पाहुण्यांना हात करून ओरडायला लागलं, "बसा! बसा!" तुझे आजोबा तर हसता हसता शेजाऱ्याच्या मांडीवर पडले.

मॅच संपली, चार-दोन. सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "ठरलं होतं. आकडा अडला."

पुढेसाहेब तिथून चालले होते, घामानं भिजलेले. म्हणाले, "आकडा कुठे अडला? आमचा गोल लवकर झाला." मग वर बघून ओरडले, "शिंपीकाका, पुढच्या वेळी पाच जवळ ठेवा!"

"नाही ठेवणार," भावजी म्हणाले. "झाला की आणीन." सेक्रेटरी हसले का रागावले, पिठात कळलं नाही. पण विजेच्या बोर्डाचं नाव परत कुणी काढलं नाही.

भावजी घरी आले ते आधी मशीनच्या पायाखालचा पाच काढून हातोडीनं सरळ करायला बसले. मशीन एकीकडे कललं, तसंच राहिलं. मी म्हटलं, "अहो, माझं झाकण?"

"चार आता मिळायचा नाही वहिनी." त्यांनी गठ्ठ्यातून आपला लाल शून्य काढला आणि पिंपावर ठेवला. "हा घ्या. याला आता तिथे काही काम नाही."

जा, स्वयंपाकघरात बघून ये. अजून आहे.